लॉ + इंटरनॅशनल रिलेशन्स : "एक ना धड भाराभर चिंध्या" होतील का?

बारावीनंतर लॉ आणि आयआर अशी जोड डिग्री घेतली तर पोरगं ना धड वकील ना धड डिप्लोमॅट असं मधेच लटकणार तर नाही ना, हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बरेच पालक घेऊन येतात, म्हणून एक केस सांगते. ओळख लपवलीय, घरच्यांना विचारून लिहितेय.

सायली म्हणूया. सांगली जिल्ह्यातली, वडिलांचा ऊस, आई झेडपीच्या शाळेत. पोरीच्या डोक्यात हे शिरलं कुलभूषण जाधव केसमुळे (पाकिस्तानने हेर ठरवून फाशी सुनावलेले आपले माजी नौदल अधिकारी). हेगचं आंतरराष्ट्रीय कोर्ट, २०१९ चा निकाल, भारताचे वकील हरीश साळवेंची एक रुपया फी, आणि पाकिस्तानने आपल्या वकिलातीच्या लोकांना जाधवांना भेटूच दिलं नाही म्हणजे व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं, हे सगळं तिने मला एका दमात ऐकवलं. हातात ऑस्ट्रेलियातल्या एका युनिव्हर्सिटीची ऑफर होती, पाच वर्षं, दोन डिग्र्या.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार हाय, त्यात वाद न्हाई. पण हे म्हंजे एक ना धड भाराभर चिंध्या. उद्या पोट कशावर भरायचं तिनं?"

मी त्यांना उलट एफआरपीबद्दल, म्हणजे उसाला सरकारने ठरवलेल्या किमान भावाबद्दल विचारलं. एफआरपी दिल्लीत ठरते आणि कारखान्याकडून यायची असते (वेळेवर आली तर!), हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ह्याच एफआरपीवरून ब्राझील, ग्वाटेमाला आणि ऑस्ट्रेलिया २०१९ मध्ये भारताविरुद्ध डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) गेले होते हे त्यांच्या कानावर नव्हतं. त्या देशांचं म्हणणं असं की सरकार कारखान्यांना ठरलेला भाव द्यायला लावतं ही शेतकऱ्याला मदतच झाली आणि ती पिकलेल्या उसाच्या एकूण मूल्याच्या १० टक्के मर्यादेच्या वर जाते. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला, आपण अपील केलं, आणि गंमत म्हणजे अपील ऐकणारं मंडळच २०१९ च्या डिसेंबरपासून ठप्प आहे कारण अमेरिका तिथे नवे मेंबर नेमू देत नाही, म्हणून निकाल लागूनही लटकलेला. आता ते १० टक्के मोजायचे कसे हा झाला लॉ, आणि अमेरिका का अडून बसलीय, त्यात आपला फायदा किती दिवस टिकेल हा झाला आयआर. फाइल एकच.

"म्हंजे ऑस्ट्रेलियापण हाय त्यात?" असं म्हणून ते पोरीकडे बघून हसले. वातावरण जरा निवळलं.

तर चिंध्यांची भीती मला फारशी खरी वाटत नाही. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही. आयआरचं शिक्षण कुठेही चालतं, वकिलीचं लायसन्स मात्र त्या त्या देशाचं असतं. ऑस्ट्रेलियात वकील व्हायला अकरा सक्तीचे विषय करावे लागतात, त्यात तिथली राज्यघटना, तिथला जमीनजुमल्याचा कायदा, तिथला पुरावा कायदा, आणि त्या अकरात इंटरनॅशनल लॉ नाहीच! आपल्याकडे उलट, बार कौन्सिलच्या (वकिलीचं शिक्षण आणि सनद यांचे नियम करणारी संस्था) सक्तीच्या विषयांत पब्लिक इंटरनॅशनल लॉ आहे. सायलीला हे ऐकून धक्काच बसला, तिला वाटत होतं फॉरेनला गेलं की इंटरनॅशनल शिकायला मिळतं.

परत येऊन इथे काळा कोट घालायचा तर युनिव्हर्सिटी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्य यादीत हवी, मग त्यांची क्वालिफाइंग परीक्षा, मग सनद, वर एआयबीई (बार कौन्सिलचीच वकिलांसाठीची देशपातळीवरची परीक्षा). ब्रिटनसारखं बारावीनंतर तीनच वर्षांचं एलएलबी केलं असेल तर दोन वर्षांचा ब्रिज कोर्सही मागे लागतो, आणि तोवर इथल्या बॅचमेट्सचा जम बसलेला असतो. लोन काढून जाणाऱ्यांनी तर हे आधीच नीट बघावं.

फॉरेन सर्व्हिसचं म्हणाल तर त्याला आयआरची डिग्री लागतच नाही, यूपीएससीला कुठलीही पदवी चालते. लॉ ऑप्शनलच्या पहिल्या पेपरात इंटरनॅशनल लॉ आहेच, त्यामुळे इथलं बीए एलएलबी करणाऱ्याचा अभ्यास वाया जात नाही. यूएनमध्ये मात्र प्रोफेशनल जागांसाठी बहुतेक वेळा मास्टर्स मागतात, तेव्हा फॉरेनचा खर्च करायचाच तर तो मास्टर्सला करा असं माझं मत, सगळ्यांना पटेलच असं नाही.

तिकडेच सेटल व्हायचं पक्कं असेल तर मी ऑस्ट्रेलियाला नाही म्हणणार नाही. म्हणून सायलीला मी एकच विचारलं, पंचविसाव्या वर्षी तू कुठल्या देशात कामाला असशील? ती गप्प. आठवड्याने फोन आला, "मॅडम, दिल्ली नाहीतर मुंबई."

मग इथल्या सीईटीचा फॉर्म भरला. आता ती बीए एलएलबी करतेय, बीएला पॉलिटिकल सायन्स, आणि जेसप मूटच्या (इंटरनॅशनल लॉवरची लुटुपुटीच्या खटल्यांची जागतिक स्पर्धा) टीममध्ये घ्या म्हणून सीनियर्सच्या मागे लागलीय. वडील अधूनमधून फोन करतात, मागच्या वेळी त्यांचा प्रश्न होता की ते डब्ल्यूटीओचं अपील लागलं का.