गॅरेजवाल्यानं काम बिघडवलं, बिल दिलं नाही आणि आता गाडीही अडवून धरली आहे. ग्राहक म्हणून मला काय करता येईल?

क्लचचं काम करून घेतलं, आठ दिवसांत तेच दुखणं परत आलं, आता गॅरेजवाला आणखी ९,००० मागतो आणि दिल्याशिवाय गाडी सोडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. असल्या तक्रारी रोज ऐकू येतात, त्या वाचून मी लिहायला बसलो नसतो. पण पुढं तुम्ही लिहिलंय, ‘ओळखीचा असल्यामुळे बिल मागितलं नव्हतं.’ या एका गोष्टीपायी आमचे १८,००० रुपये गेले आणि सख्ख्या भावाशी दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. म्हणून आधी माझं सांगतो, तुमच्या कामाचं त्यातच सापडत जाईल.

गोदाकाठी आमची सात एकर शेती आहे. ट्रॅक्टर माझ्या नावावर, चालवतोही मीच. २०२२ च्या मे महिन्यात तो धूर मारायला लागला, ऑइल खायला लागला. इंजिन उघडावं लागणार हे दिसतच होतं. मी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं म्हणत होतो. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, म्हणाले, “घरचा मिस्त्री सोडून परक्याच्या दारात कशाला जातूस?” घरचा म्हणजे वहिनींचा चुलत भाऊ. तालुक्याच्या गावी मोंढ्याच्या मागं त्याचं गॅरेज. मी नेला.

लायनर-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग सेट, हेड गॅसकेट, मजुरी, असं सगळं धरून ४१,५०० ठरले. मी २३,५०० फोनपेनं पाठवले. उरलेले १८,००० दादांनी रोख दिले, माझ्या समोर, गॅरेजच्या ओट्यावर बसून. मी म्हणालो, “पाव्हणं, पक्कं बिल द्या, नसंल तर पैसे मिळाल्याची साधी पावती तरी द्या.” मिस्त्री हसला आणि दादांकडं बघत म्हणाला, “दाजी, भावाचा इश्वास नाही का आमच्यावर?” दादांना ते लागलं. चार माणसांत मला म्हणाले, “घरच्या माणसाला पावती मागतूस? लाज वाटू दे.” मी गप्प बसलो. एका चिठ्ठीवर त्यानं सामानाची यादी आणि आकडे लिहिले होते, तिचा तेवढा फोटो मोबाइलमध्ये काढून घेतला.

जूनच्या शेवटी पाऊस झाला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं. तेवढा पाऊस पडून वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला होता. वापसा काही थांबत नाही, दोन-तीन दिवसांत रान पुन्हा आवळतं किंवा वरून पुन्हा पाऊस येतो. दीड एकर पेरून झालं आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली बसला. पाठोपाठ खालून ठकठक सुरू झाली. बंद करेपर्यंत इंजिन जाम. बाकीचं रान दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं पेरून घेतलं, त्याचे ५,५०० वेगळे गेले.

मिस्त्री आला, वरवर बघितलं आणि म्हणाला, “नव्या इंजिनावर लोड दिलाव तुम्ही. रनिंग पाळली नाही.” रनिंग म्हणजे नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला हलकं चालवणं. परत करायचे तर २०,००० सांगितले. कामाच्या वेळी हाच माणूस “पेरणीला बिनघोर चालवा” म्हणाला होता.

इथून पुढं मी जे केलं त्यातलं निम्मं मला ग्राहक पंचायतीच्या एका कार्यकर्त्यानं सांगितलं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “इंजिनाला हात लावू नका.” आधी मिस्त्रीला नोटीस पाठवली, पोच घेऊन: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी इंजिन उघडणार आहे, हजर राहा. तो आला नाही. विमा कंपन्यांसाठी गाड्या तपासणारा एक परवानाधारक सर्व्हेअर फी देऊन बोलावला आणि त्याच्या समोर दुसऱ्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं.

हा दुसरा मिस्त्री म्हातारा माणूस. त्यानं बिग-एंडचं, म्हणजे क्रँकवर बसणारं, बेअरिंग काढलं, डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं त्याची पाठ पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवलं. आतली बाजू खरवडून निघालेली होती, पण पाठीवरचा शिक्का स्पष्ट होता: एस-टी-डी. स्टँडर्ड, म्हणजे मूळ मापाचं. क्रँक मायक्रोमीटरनं मोजली तर ती दहा थाऊ (इंचाचे दहा हजारांश) ग्राइंड केलेली. क्रँक घासून बारीक केली की बेअरिंग तेवढंच जाड लागतं, नाहीतर मधल्या फटीतून ऑइल निसटतं, प्रेशर राहत नाही आणि धातूवर धातू घासतो. हे त्या धंद्यातल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. लोड, रनिंग असल्या गोष्टींचा इथं संबंधच नव्हता. म्हाताऱ्यानं तोंडी सगळं सांगितलं, पण लिहून द्यायला नको म्हणाला. “मला ह्याच बाजारात बसायचंय,” म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. सर्व्हेअरनं मात्र मापं घेतली, फोटोंसकट अहवाल दिला. केस त्या अहवालावर उभी राहिली. काम बिघडलं हे तुम्ही म्हणून भागत नाही, जाणकार माणसानं कागदावर म्हणावं लागतं.

दुसरा पुरावा योगायोगाचा. ट्रॅक्टर गॅरेजमधून घरी आला त्या दिवशी माझी मुलगी सीटवर बसली होती आणि बायकोनं तिचा फोटो काढला होता. त्यात अवर मीटर दिसतो: ४३१२. जाम झाला तेव्हा ४३२३. म्हणजे काम झाल्यापासून इंजिन पुरते अकरा तास चाललं होतं. मिस्त्रीचे वकील “महिनाभर भाड्यानं मारला” म्हणत होते, त्यांना या फोटोपुढं काही बोलता आलं नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. मोबदला, म्हणजे कामासाठी दिलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची, त्यामुळे गॅरेजचं कुठलंही प्रकरण तिथंच बसतं. आता तुम्ही जिथं राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. वकील सक्तीचा नाही, मी दिला नव्हता. मराठीतच अर्ज लिहिला.

मिस्त्रीनं लेखी जबाब दिला तो वाचून मी बांधावर बसून राहिलो. त्यानं लिहिलं होतं की तक्रारदार माझे नातेवाईक आहेत, त्यांचं काम मी प्रेमापोटी फुकट केलं, आणि फोनपेवर आलेले पैसे हे मी त्यांना हातउसने दिले होते त्याची परतफेड आहे. यात कायद्याची मेख आहे ती नीट समजून घ्या. फुकट दिलेली सेवा ही ग्राहक कायद्यात ‘सेवा’ धरली जात नाही. काम फुकट ठरलं असतं तर मी ग्राहकच उरलो नसतो आणि तक्रार दारातच संपली असती. ओळखीच्या माणसाकडं बिनबिलाचं काम करण्यात खरा धोका हा आहे, आणि दादांना मी तेव्हापासून हेच सांगतोय. वाचलो कशानं, तर पैसे पाठवताना खालच्या रकान्यात मी ‘ट्रॅक्टर इंजिन काम’ असे तीन शब्द टाकले होते. आणि त्याच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीचा फोटो होता.

त्यांचा आणखी एक मुद्दा होता: ट्रॅक्टर धंद्याचा आहे म्हणून मी ग्राहक नाही. शेजाऱ्यांची दोन-चार एकर पेरणी मी भाड्यानं करतो, ते मी लपवलं नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, असं कायद्यातच स्पष्टीकरण आहे. पिकअप, ऑटो, टमटम स्वतः चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

राहिले दादांचे रोख १८,०००. ते दिले याचा साक्षीदार एकच, देणारा. मी दादांना म्हणालो, एका पानाचं शपथपत्र द्या, जे घडलं तेवढंच लिहू. दादा म्हणाले, “बायकोच्या भावाविरुद्ध मी कोर्टात कागद देऊ? सणासुदीला तोंड कसं दाखवू?” नाही दिलं. २०२४ च्या फेब्रुवारीत निकाल लागला: २३,५०० व्याजासह परत, पेरणीचं भाडं ५,५००, मानसिक त्रासाचे ५,०००, तक्रारखर्चाचे ३,०००. रोख रकमेबद्दल एकच ओळ होती, पुराव्याअभावी मान्य करता येत नाही. आयोगाचं काही चुकलं नाही. त्यांच्यापुढं कागदच नव्हता.

दादा आजही म्हणतात की मी पैशासाठी नातं मोडलं. मी म्हणतो, नातं मिस्त्रीनं त्या दिवशी मोडलं ज्या दिवशी त्यानं हातउसन्याचं खोटं लिहिलं. पावती मागणं हा अपमान कसा? किराणा दुकानदार माझ्या बापाच्या ओळखीचा आहे, तरी वहीत लिहितोच. बँकेत माझा वर्गमित्र आहे, तो पैसे मोजून घेतोच. मग इंजिन उघडणाऱ्यापुढंच आपली जीभ का अडते? आपल्या मराठवाड्यात ‘घरचा माणूस’ हा शब्द फार लवकर येतो आणि तो नेहमी पैसे घेणाऱ्याच्या सोयीचा असतो. खरा घरचा असता तर बेअरिंगच्या पाठीवरचा शिक्का वाचून बसवला असता. बिल मागूनही न देणं ही या कायद्यात, कलम २(४७) मध्ये, अनुचित व्यापारी प्रथा म्हणून सरळ नोंदलेली आहे. म्हणजे लाज कुणाला वाटायला हवी, ते कायद्यानंच सांगितलंय.

आता तुमच्या गाडीचं. जोर करून गाडी उचलून आणू नका. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कारागिराला त्यानं केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क आहे. पण तो हक्क तुमच्या सांगण्यावरून केलेल्या, आणि नीट केलेल्या, कामापुरता आहे. पहिल्या क्लचचे पैसे तुम्ही दिलेले आहेत. दुसऱ्यांदा तेच काम करण्याला तुम्ही हो म्हणाला नसाल तर ९,००० साठी गाडी अडवणं मला तरी चुकीचं वाटतं. गाडीवाचून फारच अडत असेल तर पैसे फोनवरून भरा, खालच्या रकान्यात ‘हरकत ठेवून, क्लच दुरुस्ती’ असं लिहा, तसाच मेसेज त्याला पाठवा आणि गाडी बाहेर काढा. भांडण नंतर करता येतं. गाडी सोडवण्यापुरता अंतरिम आदेशही आयोगाकडं मागता येतो, पण तो मिळेपर्यंत गाडी उन्हापावसात त्याच्याच दारात राहील हे धरून चाला. रोख एक रुपयाही देऊ नका. काढलेली जुनी क्लच प्लेट मागून घ्या, तोच तुमचा पुरावा.

मग पंधरा दिवसांची लेखी नोटीस, मग ई-जागृती पोर्टलवरून किंवा प्रत्यक्ष जाऊन तक्रार. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवायला हरकत नाही, मोठ्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर असेल तर फोनवरही काम होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यावर त्याचा दाब पडेल असं मला वाटत नाही.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: कायद्यात तीन महिन्यांत, आणि वस्तू तपासायला पाठवली तर पाच महिन्यांत, निकालाची अपेक्षा धरलीय. तक्रार दिल्यापासून निकालापर्यंत मला पंधरा महिने लागले. निकालानंतरही मिस्त्रीनं पैसे दिले नाहीत. अपील करायला ४५ दिवस होते, पण त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून तो गेला नाही. मी ग्राहक कायद्याच्या कलम ७२ खाली दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीसाठी अर्ज, टाकली. आदेश न पाळणाऱ्याला त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते १ लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. समन्स गेल्यावर आठवडाभरात रक्कम जमा झाली. सर्व्हेअरची फी आणि माझ्या चकरांचा खर्च धरला तर हाती फार उरलं नाही. तुमचं प्रकरण चार-पाच हजारांचं असेल आणि नोटिशीवर तो निम्मे परत द्यायला तयार झाला, तर घ्या आणि लिहून घ्या.

गाडी अजून त्याच्याच दारात असेल तर आज जा. किलोमीटरचा आकडा, बॅटरीचा नंबर, चारी टायर, डिझेलचा काटा, सगळ्याचे फोटो काढा. आणि एक फोटो असा काढा, ज्यात गाडी आणि त्याच्या दुकानाची पाटी एकत्र दिसेल.