चर्चने दिलं ते अभयारण्य नव्हे

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेबद्दलच्या एका बातमीत 'चर्चने बेकायदा स्थलांतरितांना अभयारण्य दिले' असं वाक्य होतं. हे मराठी बरोबर आहे का? नसेल तर 'सँक्च्युअरी'ला इथे काय म्हणायचं? आणि 'सँक्च्युअरी सिटी' म्हणजे 'अभयारण्य शहर' का?

बरोबर नाही. अभयारण्याला आधी अरण्य लागतं. राधानगरीला गव्यांचं अभयारण्य आहे, कर्नाळ्याला पक्ष्यांचं. शिकागोतल्या चर्चच्या तळघरात मुलाबाळांसह राहणाऱ्या बाईचं असू शकत नाही. भाषांतराच्या यंत्राने शब्दासमोर दिसलेला पहिला अर्थ उचलला आणि तो तपासायला कुणी बसलं नाही, इतकंच झालं आहे. पण चूक दाखवणं सोपं आहे. बरोबर शब्द सुचवायला गेलं की खरी पंचाईत सुरू होते.

सँक्च्युअरीचा मूळ अर्थ 'पवित्र जागा'. मराठी बायबलमध्ये तिला 'पवित्रस्थान' म्हटलंय. आपल्या देवळात जो मान गाभाऱ्याला, तसाच चर्चमध्ये वेदीभोवतालच्या भागाला. या जागेत हत्यार घेऊन शिरायचं नाही, शिरलेल्याला ओढून बाहेर काढायचं नाही, या संकेतातून 'सुरक्षित जागा' हा दुसरा अर्थ आला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तर तो कायदाच होता. गुन्हेगार चर्चमध्ये पोचला की त्याला चाळीस दिवस हात लावता येत नसे. पुढे त्याने एकतर न्यायालयासमोर उभं राहायचं किंवा गुन्हा कबूल करून देश सोडायचा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही सवलत रद्द झाली. अमेरिकेच्या कायद्यात ती कधी आलीच नाही, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात आणि स्थलांतरितांना चर्चमध्ये ठेवून घेणाऱ्या अमेरिकेतल्या चळवळीने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. ॲरिझोनातल्या टूसॉन गावच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने २४ मार्च १९८२ रोजी दारावर फलक लावले. एकाचा आशय होता, मध्य अमेरिकेतल्या पीडितांसाठी ही सँक्च्युअरी आहे. दुसऱ्याचा, इमिग्रेशनवाल्यांनो, देवाची सँक्च्युअरी विटाळू नका. पहिल्या फलकात आसरा, दुसऱ्यात पवित्रस्थान. मराठीत हा श्लेष साधत नाही. दोन शब्द वापरावे लागतात, आणि वापरावेत.

आता पर्याय पाहू. बहुतेकांच्या तोंडी आधी 'अभय' येतो. शब्द देखणा आहे, जुना आहे. 'महाराज, अभय असेल तर बोलतो' हे गोष्टीतलं वाक्य आपण लहानपणापासून ऐकलेलं. पण यात एक गोम आहे. अभय देणाऱ्याच्या हाती दंड करायची सत्ता असते आणि तो ती वापरत नाही, म्हणून ते अभय. पाद्र्याच्या हाती कुणाला देशाबाहेर काढायची सत्ताच नाही. मग तो अभय कशाचं देणार? शिवाय आजच्या वर्तमानपत्री मराठीने या शब्दाची रया घालवली आहे. 'अनधिकृत बांधकामांना कुणाचे अभय?' हा मथळा कुठल्याही शहराच्या पुरवणीत सापडेल. आणि 'मुद्रांक शुल्क अभय योजना' म्हणजे दंडमाफी. अमेरिकेच्या वादात माफी हा स्वतंत्र विषय आहे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत १९८६ च्या कायद्याने सुमारे सत्तावीस लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळालं, त्याला तिथे 'ॲम्नेस्टी' म्हणतात आणि मराठीत 'अभय' त्यालाच शोभेल. चर्चने अभय दिलं असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की माणसं कायदेशीर झाली.

'शरण'चं पाहा. बायबलच्या जुन्या करारात, हातून नकळत मनुष्यवध झालेल्याने पळून जायची सहा नगरं आहेत. त्यांच्यासाठी 'शरणपूर' हा शब्द मराठी ख्रिस्ती वाचकांना परका नाही. नाशिककरांना तर तो रोजचा : शरणपूर रोड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली आणि हिंदी महासागरातल्या गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे ठेवली, शिकवली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याच्या शवासोबत आफ्रिकेतून लंडनपर्यंत गेला. म्हणजे चर्चने परक्यांना आसरा देण्याची गोष्ट आपल्याकडे एका रस्त्याच्या नावात आहे, आणि आपण तिथे रिक्षा थांबवून मिसळ खायला जातो. असो. शरणपूर कितीही आवडलं तरी क्रियापद आडवं येतं. 'शरण येणे' म्हणजे हत्यार टाकणेही. 'स्थलांतरित चर्चला शरण गेले' हे वाक्य वाचून कुणी धर्मांतराची बातमी समजेल, कुणी चकमकीची.

उरले आश्रय आणि आसरा. एकाच घरातले, संस्कृत आश्रय घासून घासून मराठीत आसरा झाला. (विहिरीवरच्या साती आसरा वेगळ्या. त्या अप्सरा.) मी इथे आसऱ्याच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण टूसॉनमध्येच आहे.

एल साल्वादोर आणि ग्वाटेमालात तेव्हा यादवी चालू होती. दोन्हीकडच्या सरकारांना वॉशिंग्टनचा पाठिंबा होता. त्यामुळे तिथून जीव घेऊन पळालेली माणसं छळामुळे आली, असं मान्य करणं रेगन सरकारला परवडणारं नव्हतं. ती पोटापाण्यासाठी आली, असं म्हटलं जाई. १९८४ मध्ये या दोन देशांतल्या लोकांचे तीन टक्क्यांहून कमी अर्ज मंजूर झाले. ज्यासाठी अर्ज होता त्याला मराठीत आपण 'राजकीय आश्रय' म्हणतो. तो सरकारच देऊ शकतं. सरकारने तो नाकारला म्हणून जॉन फाइफ या पाद्र्याने आणि जिम कॉर्बेट या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) पशुपालकाने दुसरं काही देऊ केलं : छप्पर, अंथरूण, जेवण, वकील. त्यालाही आश्रय म्हटलं तर वाक्य असं होतं : 'सरकारने आश्रय नाकारला म्हणून चर्चने आश्रय दिला.' वाचक अडखळणारच. 'सरकारने आश्रय नाकारला, चर्चने आसरा दिला' म्हणा. आश्रय कायद्याचा, आसरा माणसांचा. मराठीकडे दोन शब्द आयते आहेत, मग काटकसर कशाला?

आसरा शब्दावर हरकत येईल ती अशी, की तो फार गोड आहे, सहानुभूतीकडे झुकतो. मला तसं वाटत नाही. गुन्हेगाराला आसरा देणं हा कायद्याच्या भाषेत गुन्हाच आहे. पावसात अडकलेल्याला आसरा देतात तसा फरारी आरोपीलाही देतात. कुणाला दिला यावरून बरं-वाईट ठरतं, शब्दावरून नाही. झुकणारे शब्द दुसरे आहेत : थारा, पाठीशी घालणं, आणि सगळ्यात घातक, लपवणं.

'चर्चमध्ये लपलेले स्थलांतरित' असं सर्रास लिहिलं जातं. इथे शब्द चुकला की निकालच लागतो, कारण सगळा वाद याच क्रियापदावर आहे. अमेरिकेच्या कायद्यात परवानगीविना राहणाऱ्याला दडवणं, त्याला थारा देणं, शोधापासून वाचवणं हा गुन्हा आहे. फाइफ यांनी मात्र जाहीर करण्याआधी थेट ॲटर्नी जनरलना पत्र लिहून कळवलं होतं. पत्रकारांसमोर फलक लावून कुणी लपवतं का, हा त्यांचा मुद्दा. सरकारची बाजूही पोकळ नव्हती : चळवळीतले लोक माणसांना सरहद्द ओलांडायला गुपचूप मदत करत होतेच. सरकारने बायबलच्या वर्गांत ध्वनिमुद्रण यंत्रं अंगावर लपवलेले खबरे पाठवले. म्हणजे या गोष्टीत लपलेलं बरंच काही होतं, पण सगळं चर्चच्या बाजूला नव्हतं. १९८६ मध्ये चळवळीतल्या लोकांवरच्या खटल्यात अकरांपैकी आठ जण दोषी ठरले. तुरुंगात कुणीच गेलं नाही. पुढे १९९१ मध्ये एका दुसऱ्या दाव्यातल्या तडजोडीने साल्वादोर-ग्वाटेमालाच्या लोकांचे अर्ज नव्याने ऐकायचं सरकारने कबूल केलं.

तोच 'लपणं' शब्द जानेवारी २०२५ मध्ये परत आला. शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं इथे शक्यतो अटक करायची नाही, असं धोरण २०११ पासून लेखी होतं. ट्रम्प सरकारने ते आल्या आल्या रद्द केलं आणि सांगितलं की गुन्हेगारांना आता शाळांत आणि चर्चमध्ये लपता येणार नाही. क्वेकर मंडळी न्यायालयात गेली. त्यांच्यासोबत बाप्टिस्टांची एक संघटना आणि सॅक्रामेंटोचा गुरुद्वाराही होता. फेब्रुवारीत मेरीलँडच्या न्यायाधीशांनी त्यांच्यापुरता तात्पुरता मनाई हुकूम दिला. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी दुसऱ्या सत्तावीस धार्मिक संस्थांची तशीच मागणी फेटाळली. वार्ताहराने 'लपणे' वापरायचं तर ते सरकारच्या तोंडी, अवतरणात घालावं. स्वतःच्या वाक्यात 'राहणे' पुरतं.

नेदरलँड्सचं उदाहरण तर लपण्याच्या अगदी उलट आहे. तिथे उपासना चालू असताना पोलिसांना प्रार्थनास्थळात शिरता येत नाही. म्हणून हेगच्या बेथेल चर्चने २६ ऑक्टोबर २०१८ ला उपासना सुरू केली आणि एका आर्मेनियन कुटुंबासाठी ती रात्रंदिवस शहाण्णव दिवस थांबवलीच नाही. देशभरातून पाद्री पाळीपाळीने आले. अखंड हरिनाम सप्ताह माहीत असलेल्या आपल्या वाचकाला ही युक्ती समजावून सांगावी लागू नये. याउलट पॅरिसमध्ये १९९६ च्या ऑगस्टमध्ये सेंट बर्नार्ड चर्चचा दरवाजा पोलिसांनी कुऱ्हाडीने फोडला.

त्या चर्चमधल्या आफ्रिकन लोकांनी स्वतःसाठी वापरलेलं नाव आपल्या उपयोगाचं आहे : 'कागदाविना असलेले'. बातमीतल्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, 'बेकायदा स्थलांतरित', त्याबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो. कृती बेकायदा असते. माणसाला ते विशेषण लावू नये, असं ठरवून असोसिएटेड प्रेसने २०१३ मध्ये तसा वापर थांबवला. विरोधकांना हा शब्दांचा मुलामा वाटतो, आणि कायदा मोडला हे सांगायला नको का, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. मी 'कागदपत्रं नसलेले' किंवा 'परवानगीविना राहणारे' लिहीन. त्यात कायदा मोडल्याचं कळतं आणि शिवीही होत नाही. 'घुसखोर' तर बऱ्याच वेळा वस्तुस्थितीलाही धरून नसतो, कारण यातले कितीतरी जण रीतसर व्हिसावर आलेले आणि मुदत संपल्यावर राहिलेले असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्यांच्या बातम्यांत आपल्या वर्तमानपत्रांना 'घुसखोर' शब्द फारसा सुचला नाही, हे नोंदवून ठेवतो.

'सँक्च्युअरी सिटी'ला मात्र आसराही चालणार नाही. अशा शहरात कुणाला ठेवून घेतलेलं नसतं. स्थानिक पोलीस केंद्राच्या इमिग्रेशन खात्याचं काम करत नाहीत, निव्वळ इमिग्रेशनसाठी कुणाला कोठडीत अडकवून ठेवत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. सॅन फ्रान्सिस्कोने तसा स्थानिक कायदा १९८९ मध्ये केला. केंद्राचे अधिकारी तिथे येऊन अटक करू शकतात आणि करतात. 'आश्रयनगर' म्हटलं तर नसलेलं संरक्षण सांगितल्यासारखं होईल. पहिल्या उल्लेखात 'इमिग्रेशन खात्याशी असहकार करणारी शहरं' असं लिहावं आणि पुढे 'असहकारी शहरं'. लांब आहे, मथळ्यात मावणार नाही, हे कबूल. मथळ्यात 'सँक्च्युअरी शहर' देवनागरीत तसंच ठेवलं तरी माझी हरकत नाही. अरण्य तेवढं काढा.