समुद्र दारात असताना दुब्रोवनिकला का जावे?

प्रश्न : आमचे वास्तव्य फोंड्याला आहे. मुलगा जर्मनीत नोकरी करतो आणि पुढच्या सुट्टीत आम्हा दोघांना भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या जुन्या शहरात नेण्याचा त्याचा आग्रह आहे. त्याने क्रोएशियातील दुब्रोवनिक निवडले आहे. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की समुद्र, किल्ले आणि जुनी चर्चे गोव्यात पावलोपावली आहेत, मग तेच पाहण्यासाठी एवढा खर्च कशाला करायचा? आपले मत कळवावे.
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : आपल्या यजमानांची शंका रास्त आहे. दुब्रोवनिक भूमध्य समुद्राच्या ॲड्रियाटिक या शाखेवर वसलेले आहे आणि तिथले पाणी निळेशार व नितळ असले तरी किनारे बहुतेक खडकाळ किंवा गोट्यांचे आहेत. कोलवा-बाणावलीच्या वाळूत चाललेल्या माणसाने केवळ समुद्रस्नानासाठी तिथे जावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. जायचे ते शहर पाहायला. आणि गोमंतकीयाला तर त्याचे विशेष कारण आहे.

जुन्या गोव्यात आपण सारेच जातो. से कॅथेड्रल, बॉम जेझू आणि ऑगस्टीन मठाचा उरलेला मनोरा पाहतो. पण या वास्तूंच्या मधे जे नगर होते, म्हणजे घरे, गल्ल्या, पेठा आणि माणसे, ते राहिले नाही. साथीच्या रोगांनी ते हळूहळू रिकामे होत गेले, १७५९ साली व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला हलविले आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. दुब्रोवनिक हेही सागरी व्यापारावर जगलेले आणि त्याच शतकांत भरभराटीला आलेले शहर. पण ते तटबंदी, रस्ते, घरे, कारंजी आणि जकातघरासह आजही उभे आहे. नगर नाहीसे झाल्यावर काय उरते हे ज्याने जुन्या गोव्यात पाहिले आहे, त्याला नगर टिकते म्हणजे नेमके काय काय टिकते, हे इथे इतरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसेल, अशी माझी खात्री आहे.

ते टिकण्यामागे भिंतींइतकीच तिथल्या कारभाराची दक्षता होती. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी व खलाशांनी शहरात शिरण्यापूर्वी एक महिना जवळच्या बेटावर किंवा त्सावतात या गावी वेगळे राहावे, असा कायदा या नगराने १३७७ सालीच केला. विलगीकरणाच्या जगातील सर्वांत जुन्या कायद्यांत त्याची गणना होते. पुढे त्यासाठी पूर्वेच्या वेशीबाहेर बांधलेल्या लाझारेती नावाच्या दगडी इमारतींची रांग अजून शाबूत आहे. याने साथी कायमच्या टळल्या असे नव्हे, १५२७ च्या प्लेगने शहराला मोठा तडाखा दिला होता. परंतु शहर सोडून जाण्याची वेळ आली नाही. फ्रान्सिस्कन मठात १३१७ साली सुरू झालेल्या औषधालयाची परंपरा आजही चालू आहे. पंधराव्या शतकात नेपल्सहून आलेल्या ओनोफ्रियो या स्थापत्यकाराने सुमारे बारा किलोमीटरवरून झऱ्याचे पाणी आणले, आणि पश्चिमेच्या वेशीतून आत शिरताच त्याच्या नावाचे जे मोठे कारंजे दिसते, त्याच्या सोळा मुखांतून आजही लोक बाटल्या भरून घेतात.

राज्यकारभाराचे दोन नमुने अवश्य पाहावेत. पहिला म्हणजे रेक्टरचा वाडा. दुब्रोवनिक तेव्हा एक प्रजासत्ताक होते; रेक्टर म्हणजे त्याचा प्रमुख केवळ एका महिन्यासाठी निवडला जाई, आणि त्या महिन्यात राजकीय कामाखेरीज त्याला वाड्याबाहेर पडता येत नसे. सत्ता एका घराण्यात साचू नये हा त्यामागील हेतू होता, आणि तोच विचार शहराबाहेरच्या कड्यावरील लोव्रियेनाक किल्ल्यातही दिसतो : त्याची समुद्राकडची भिंत बारा मीटरपर्यंत जाड आहे, तर शहराकडची जेमतेम साठ सेंटिमीटर, कारण किल्लेदारच फितूर झाला तर ती शहरातून पाडता यावी. दुसरा नमुना स्पोंझा वाड्याचा. येथे जकातघर होते आणि माल तोलला जाई त्या जागेवरील कमानीवर लॅटिनमध्ये कोरले आहे की आमची वजने फसवू देत नाहीत व फसू देत नाहीत, आणि मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. याच प्रजासत्ताकाने १४१६ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. जुन्या गोव्याच्या बाजारात त्यानंतर शतकाहून अधिक काळाने माणसांची विक्री होत होती, हे आपण गोमंतकीयांनी तिथे उभे असताना आठवावे.

एका बाजूला व्हेनिस आणि दुसऱ्या बाजूला ऑटोमन साम्राज्य, अशा कात्रीत या लहानशा राज्याने युद्धापेक्षा वाटाघाटी पसंत केल्या. सुलतानाला दरवर्षी १२,५०० डुकाट (सोन्याची नाणी) खंडणी देऊन त्याने बाल्कन प्रदेशातील व्यापाराच्या वाटा खुल्या ठेवल्या आणि आपले स्वातंत्र्य १८०८ साली नेपोलियनच्या सैन्याने ते संपवीपर्यंत राखले.

आघात मात्र चुकले नाहीत. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात बहुतेक शहर कोसळले, हजारो माणसे गेली, आणि आज स्त्रादुन या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या उंचीची जी घरे दिसतात ती त्यानंतर ठरवून, एका आराखड्याने बांधलेली आहेत. १९९१ साली, युगोस्लाव्हिया फुटत असताना, वेढा पडलेल्या या शहरावर तोफा डागल्या गेल्या. त्यातला सर्वांत भीषण दिवस ६ डिसेंबरचा. जुन्या शहरातील दोन तृतीयांशाहून अधिक इमारतींना मारा लागला. १९७९ पासून जागतिक वारसा असलेले हे स्थळ युनेस्कोच्या धोक्यातील वारशांच्या यादीत गेले आणि दुरुस्तीनंतर १९९८ मध्ये त्यातून बाहेर आले. १,९४० मीटर लांबीच्या तटावरून फिरताना खाली पाहिले की काही छपरांची कौले जुनी, फिकट दिसतात आणि बरीचशी नवी, लालभडक. त्यावरून किती घरे नव्याने शाकारावी लागली याचा अंदाज येतो. मला विचाराल तर या एका दर्शनासाठीसुद्धा प्रवासखर्च सार्थकी लागेल.

जाण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. जुन्या गोव्याजवळ, कुंभारजुव्याच्या वाटेवर, गवंडाळीला साओ ब्रास म्हणजे संत ब्लेझ यांचे चर्च आहे. हे संत दुब्रोवनिकचे रक्षक, आणि सोळाव्या शतकात त्या नगरातून गोव्यात आलेल्या व्यापाऱ्यांशी या चर्चचा संबंध क्रोएशियन अभ्यासक जोडतात. एका दुपारी दोघांनी तिथे जाऊन यावे. दुब्रोवनिकला याच संतांचे चर्च शहराच्या मध्यभागी आहे. आजची वास्तू अठराव्या शतकाच्या आरंभीची असली, तरी आतील चांदीची मूर्ती त्याहून जुनी आहे. तिच्या हातात शहराची जी प्रतिकृती आहे, तिच्यात भूकंपापूर्वीचे नगर दिसते.

प्रश्न : आम्ही दोघेही साठीच्या पुढचे असून पत्नीचे गुडघे दुखतात. कोणत्या महिन्यात जावे, किती दिवस ठेवावेत आणि जेवणाची सोय कशी असते?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : जुलै-ऑगस्ट टाळावा. ऊन कडक असते आणि प्रवासी जहाजांच्या गर्दीमुळे गल्ल्यांत चालणे अवघड होते. नगरपालिकेने बंदरात एका वेळी दोनच मोठी जहाजे असावीत असा निर्बंध घातला आहे, तरी सकाळी दहा ते दुपारी चार हा वेळ गजबजलेला राहतो. मे महिना उत्तम. नाही जमले तर चवथ आटोपल्यावर सप्टेंबरअखेरीस निघावे, तेव्हा पाणीही पोहण्याजोगे उबदार असते. चार दिवस पुरेत.

स्त्रादुन रस्ता सपाट आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या अनेक गल्ल्या म्हणजे पायऱ्याच आहेत. त्यामुळे खोली ठरविताना पायऱ्या किती चढाव्या लागतील हे घरमालकाला आधी स्पष्ट विचारावे. तटावरची फेरी सुमारे दोन तासांची, चढउताराची आणि महागड्या तिकिटाची आहे. पत्नीला ती झेपणार नसेल तर ४१२ मीटर उंचीच्या सर्ज डोंगरावर केबल कारने जावे, तिथून सगळे शहर आणि समोरचे लोक्रुम बेट दिसते. लोक्रुमला जुन्या बंदरातून होडीने थोड्याच वेळात पोहोचता येते.

मासळी खाणाऱ्यांची चंगळ आहे, मात्र ती ऑलिव्ह तेल, लसूण आणि निखाऱ्यावर भाजलेली असते. हुमणाची अपेक्षा ठेवू नये. सोबत बटाटा घातलेली पालेभाजी मिळते. शाकाहाऱ्यांना पास्ता, पिझ्झा, चीज व सॅलड यांवर भागवावे लागते. एक दिवस बसने स्तोन गावी अवश्य जावे. तिथली जुनी मिठागरे अजून चालू आहेत आणि शेजारच्या खाडीत कालवांची शेती होते. आगरवाड्याची मिठागरे आणि आपल्या खाडीतली कालवे ज्यांना परिचित आहेत, त्यांना हा दिवस फार आवडेल.

प्रश्न : व्हिसा कोणता लागतो? जवळच्या मोस्तार आणि कोतोर या गावांनाही जाता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलनही युरो झाले आहे, त्यामुळे भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. मात्र मोस्तार बोस्नियात आणि कोतोर माँटेनेग्रोत आहे, आणि हे दोन्ही देश शेंगेनबाहेर आहेत. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर सहलीहून परतताना सीमेवर अडकण्याची वेळ येईल, म्हणून अर्जातच अनेक प्रवेशांची मागणी करावी आणि त्या देशांचे प्रवेशाचे नियमही निघण्यापूर्वी तपासावेत. भारतातून दुब्रोवनिकला थेट विमान नाही आणि तिथे रेल्वेही पोहोचत नाही. विमान बदलून जावे, किंवा क्रोएशियातीलच स्प्लिट शहरी उतरून किनाऱ्याने बसने यावे. २०२२ साली पेल्येशाचचा पूल झाल्यापासून या रस्त्याने बोस्नियाची हद्द न ओलांडता येता येते. तरीही तिकीट काढताना आपली बस पुलावरून जाते की बोस्नियातील नेउममधून, हे विचारून घ्यावे.