बारा दिवसांनंतरचं कॅरिबियन वादळ मॉडेलमध्ये दिसतंय, क्रूझ रद्द करू का?

तुमची क्रूझ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मायामीहून कोझुमेल आणि ग्रँड केमनला जाणार आहे, आणि जीएफएस हे अमेरिकेचं हवामान अंदाजाचं संगणकीय मॉडेल १२ दिवसांनी तिथे मोठं चक्रीवादळ दाखवतंय. आज एवढ्यावरून रद्द करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिम कॅरिबियनमध्ये नसलेली वादळं उभी करण्याची या मॉडेलची खोड जुनीच आहे.

या दिवसांत मध्य अमेरिकेभोवती शेकडो किलोमीटर रुंदीचा सैल भोवरा तयार होतो. त्याला सेंट्रल अमेरिकन जायर म्हणतात. पाऊस आणि वारा त्याच्या कडेला असतो, मध्यभाग बराचसा रिकामा. जीएफएस त्यातल्याच एखाद्या पावसाच्या पुंजक्याभोवती फार लवकर केंद्र बांधून टाकतं. म्हणून रोज एकच गोष्ट वहीत टिपा: वादळाची तारीख जवळ येतेय का? चार दिवसांनी पाहिलं तरी ते '१२ दिवसांवर'च असेल, तर सोडून द्या. ते ८ दिवसांवर आलं आणि युरोपियन मॉडेलच्या एन्सेम्बलमधल्या (सुरुवातीची स्थिती किंचित बदलून काढलेल्या अंदाजांच्या संचातल्या) ५० पैकी बऱ्याच सदस्यांनाही दिसू लागलं, तर मात्र गंभीरपणे घ्या.

त्यानंतर मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा आउटलुक, म्हणजे वादळं जन्मण्याचा अंदाज, पाहत जा. तो भारतीय वेळेनुसार ५.३० आणि ११.३० ला, दिवसातून चारदा येतो. त्यात २ आणि ७ दिवसांतली शक्यता असते: पिवळा म्हणजे ४० टक्क्यांखाली, नारिंगी ४० ते ६०, लाल त्याहून जास्त. ही टक्केवारी फक्त वादळ जन्मण्याची आहे. ते किती जोरदार होईल हे ती सांगत नाही. इथेच बहुतेकांची चूक होते.

जोर ठरतो दोन गोष्टींवर. पहिली, पाणी. वादळ एरवी समुद्र ढवळून खालचं गार पाणी वर आणतं आणि स्वतःच मंदावतं. वायव्य कॅरिबियनमध्ये २६ अंशांचं पाणी १०० मीटरहूनही खोल असतं, त्यामुळे ढवळूनही वर गरमच येतं. २००५ च्या विल्माचा दाब १९ ऑक्टोबरला ८८२ मिलिबारपर्यंत उतरला (केंद्रातला दाब जितका कमी, तितकं वादळ जोरदार), तो याच समुद्रात. दुसरी, विंड शिअर, म्हणजे खालच्या आणि वरच्या वाऱ्यांतला फरक. उत्तरेकडची थंड आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, मेक्सिकोच्या आखातात उतरली की हा फरक वाढतो, कोरडी हवा घुसते, आणि वादळाचा माथा केंद्रावरून सरकतो. मात्र हीच आघाडी कॅरिबियनमध्ये येऊन विरली, तर तिच्या शेपटाशी नवा कमी दाब धरू शकतो.

बेटांवरचा दाब पाहत असाल तर कालच्या त्याच वेळेशी ताडून पाहा. उष्ण कटिबंधात दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला चढतो, चारच्या सुमाराला उतरतो. दुपारची ती २-३ मिलिबारची घसरण पाहून नवखे घाबरतात.

रेंगाळणाऱ्या वादळाची मला सर्वात जास्त धास्ती वाटते. २०२५ ची मेलिसा २१ ऑक्टोबरला नाव मिळाल्यावर कित्येक दिवस जमैकाच्या दक्षिणेला घुटमळली आणि २८ ला ताशी सुमारे २९५ किलोमीटर वाऱ्यांनिशी किनाऱ्यावर आदळली. १९९८ च्या मिचने होंडुरास आणि निकाराग्वात हजारो बळी घेतले, तेही मुख्यतः पावसाने. तेव्हा अंदाजाच्या नकाशावर वादळापुढे काढलेल्या शंकूबाहेर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. तो केंद्राच्या संभाव्य मार्गाचा असतो, पावसाचा नव्हे.

विमा मात्र आजच घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी बहुधा लागू होत नाही.