ग्रोथ-डेव्हलपमेंट, फास्ट-रॅपिड, फेम-रेकग्निशन: यांच्या अर्थांत नेमका फरक काय?

तुमची अडचण अशी की शब्दकोशात हे सगळे सारखेच वाटतात आणि स्पर्धा परीक्षेत पर्याय निवडताना गाडी अडते. मी लातूरला इंग्रजी शिकवतो. अर्थांच्या याद्या घोकण्यात काही हशील नाही. कोणता शब्द कशाला लागतो ते बघा.

ग्रोथ आणि डेव्हलपमेंटमधला फरक सोयाबीनच्या रानात दिसतो. झाड उंच झालं, पानं वाढली, ही ग्रोथ. फुलोरा आला, शेंगा लागल्या, दाणे भरले, ही डेव्हलपमेंट. म्हणजे एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जाणं. कधी कधी पीक नुसतंच माजतं. बांधावरून बघणारा म्हणतो, काय जोरात आलंय! आत शिरून फांदी उचलली की शेंगा मोजक्याच. ग्रोथ झाली, डेव्हलपमेंट राहिली. एक्सपान्शन म्हणजे पसारा वाढणं, मग तो शहराचा असो की धंद्याचा.

वेगाचं बघू. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळेनं 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 11.20 सेकंदांत पळून रौप्यपदक आणलं. सरासरी काढली तर ताशी 22 किलोमीटरच्या आसपास, तेही अडथळे ओलांडत. हा त्याचा स्पीड, आणि तो फास्ट रनर. क्विक म्हणजे थोड्या वेळात उरकलेलं: क्विक रिप्लाय. रॅपिड बहुतेकदा बदलाला लागतो: रॅपिड ग्रोथ. हेस्टीत उतावळेपणा आहे, त्यामुळे हेस्टी डिसिजन ही कधीच स्तुती नसते. व्हेलॉसिटीला मात्र दिशाही लागते. ट्रॅकवर एक पूर्ण फेरी मारून निघाल्या जागी आलात, तर दम कितीही लागो, सरासरी व्हेलॉसिटी शून्य!

वेरूळच्या लेण्यांची कीर्ती शतकानुशतकांची, ती फेम. 1983 साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, ते रेकग्निशन. फेम लोकांच्या तोंडी आपसूक होते, रेकग्निशन कुणीतरी द्यावं लागतं. बीडच्या सीताफळाला मिळालेलं भौगोलिक मानांकन याच जातीचं. रेप्युटेशन चांगलंही असतं, वाईटही. नोटोरियस मात्र फक्त कुप्रसिद्ध. गावातल्या नामांकित डॉक्टरला निबंधात नोटोरियस लिहिलंत, तर मार्क जातीलच, वर डॉक्टर भांडायला येईल.