पिट्सबर्ग की मिनिॲपोलिस? आधी बसथांबा ठरवा

तुमचा प्रश्न असा आहे: कोथरूडहून तिघं निघणार, मुलगी सहा वर्षांची, हातात दोन नोकऱ्या. एक पिट्सबर्गच्या ओकलंड भागात, दुसरी मिनिॲपोलिसच्या डाउनटाउनमध्ये. निदान पहिलं वर्ष गाडी न घेता बस-ट्रेनवर काढायचंय, तर कुठलं शहर बरं? व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते इथे उगाळत नाही. जे तिथे मिळत नाही तेवढंच लिहिते, आणि मधेमधे चिडले तर समजून घ्या.

पिट्सबर्ग म्हणजे २०२० च्या जनगणनेनुसार जेमतेम तीन लाखांचं शहर, पण तीन नद्या आणि असंख्य टेकड्यांवर पसरलेलं. घर शोधताना नकाशा इथे फसवतो. अर्ध्या किलोमीटरवर दिसणारा थांबा प्रत्यक्षात दीडशे पायऱ्या खाली असू शकतो. शहरात असे सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत आणि त्यातले कित्येक कागदोपत्री चक्क रस्ते आहेत, नावानिशी. पर्वती चढायची सवय असेलही, पण जानेवारीत बर्फ धरलेल्या पायऱ्यांवरून दोन हातांत किराणा आणि मागे मूल, हा वेगळा प्रकार आहे. म्हणून घराचा पत्ता मिळाला की अंतर बघू नका, उंचीतला फरक बघा.

आता ओकलंडचं गणित. डाउनटाउनहून ओकलंडमार्गे स्क्विरल हिल या वस्तीकडे ६१-ए, बी, सी आणि डी अशा चार बस जातात. फोर्ब्स आणि मरे हे रस्ते मिळतात त्या चौकापर्यंत चारही एकत्र असतात. तिथे सी आणि डी मरेवर वळतात, ए आणि बी फोर्ब्सवरूनच पुढे जातात. चौकाच्या अलीकडे राहिलात तर येईल ती ६१ तुमची. चौकाच्या पुढे फक्त किलोमीटरभर घर घेतलंत की तुमच्या वाट्याला निम्म्या बस राहिल्या, आणखी पुढे एकच. भाड्यात थोडा फरक पडतो, रोजच्या वाट बघण्यात मात्र दुपटीचा. चारही वेळापत्रकं वेगवेगळी छापलेली असल्यामुळे नव्या माणसाला हे कळतच नाही. शिवाय बस घोळक्याने येतात, एकामागोमाग तीन आणि मग शुकशुकाट. त्यामुळे छापील वेळेवर विसंबू नका, फोनवर बस प्रत्यक्ष कुठे आहे ते बघूनच घराबाहेर पडा.

‘पिट्सबर्गला ट्रेन आहे’ असं कुणी सांगितलं तर ते खरं आहे, पण तिचा तुम्हाला उपयोग नाही. ‘टी’ नावाची ती लाइट रेल डाउनटाउनहून दक्षिणेला साउथ हिल्सकडे जाते, ओकलंडला शिवतही नाही. खरी चीज आहे ईस्ट बसवे. १९८३ पासून चालू असलेला, फक्त बससाठी राखलेला रस्ता. सिग्नल नाहीत, आणि पुण्याच्या बीआरटीत घुसतात तशा दुचाकी इथे घुसत नाहीत. पी-१ बस ईस्ट लिबर्टी या भागातून डाउनटाउनला झपाट्याने पोचवते. मात्र पी-१ ओकलंडला जात नाही. तिथे पी-३ जाते, तीही फक्त कामाच्या दिवशी. ईस्ट लिबर्टीत घर घ्यायचं तर शनिवारी-रविवारी ७१ क्रमांकाच्या बसवर भिस्त ठेवावी लागेल.

तिकीट २.७५ डॉलर. बससेवेच्या कार्डाने भरलंत तर तीन तास हव्या तितक्या बस बदला. रोख दिलेत तर सुटे परत मिळत नाहीत आणि बदलण्याची सोयही नाही. दुकानाच्या रांगेत उभं राहून पहिल्याच दिवशी कार्ड घ्या. आणि एक धोक्याची सूचना: २०२५ मध्ये राज्याकडून पैसा नाही म्हणून पस्तीस टक्के सेवा कापायचा प्रस्ताव आला होता. मोठ्या कामांसाठीचा निधी वळवून ते संकट तूर्त टळलं. म्हणून एकाच बसवर अवलंबून असलेलं घर या शहरात घेऊ नये.

मिनिॲपोलिसचं उलटं आहे. सव्वाचार लाखांची वस्ती, सपाट जमीन, चौकटीचे रस्ते. उत्तर-दक्षिण एक बस, पूर्व-पश्चिम दुसरी, बदलायची एकदा. ब्लू लाइन ही ट्रेन २००४ पासून थेट विमानतळावर जाते, ग्रीन लाइन २०१४ पासून विद्यापीठातून सेंट पॉलला. (ग्रीन लाइन पुढे ईडन प्रेरीपर्यंत नेण्याचं काम वर्षानुवर्षं रखडलंय. ‘लवकरच ट्रेन येणार’ या भरवशावर तिकडे घर घेऊ नका. दलालाचं ‘लवकरच’ हडपसरला आणि इथे सारखंच.) पण मी असते तर रुळांपेक्षा नव्या जलद बसच्या मार्गावर घर बघितलं असतं: शिकागो ॲव्हेन्यूची डी लाइन किंवा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झालेली लेक स्ट्रीटची बी लाइन. थांब्यावरच तिकिटाचं यंत्र, पुढच्या-मागच्या सगळ्या दारांनी चढायचं, त्यामुळे ड्रायव्हरजवळ नाणी मोजणाऱ्यांची रांग नाही. तिकीट दोन डॉलर, अडीच तास चालतं. ट्रेनला फाटक नसतं म्हणून फुकट आहे असं समजू नका. तपासनीस डब्यात येतात. रात्री डब्यात सिगारेटचा धूर असतो ही तक्रार जुनी आणि खरी आहे. चालकाजवळच्या डब्यात बसा.

आणि हिवाळा. जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे तेरा-चौदाच्या आसपास, थंडीची लाट आली की उणे पंचवीसच्याही खाली. बऱ्याच थांब्यांवर हीटर आहेत, बटण दाबलं की थोडा वेळ चालतात आणि आपोआप बंद होतात, पुन्हा दाबायचं. पण त्रास थंडीचा कमी आणि कोपऱ्यांचा जास्त. फूटपाथ साफ करायची जबाबदारी घरमालकाची, तो करतो. रस्ता साफ करणारं यंत्र मात्र सगळा बर्फ लोटतं चौकाच्या कोपऱ्यात, नेमकं जिथून रस्ता ओलांडायचा आणि बसमध्ये चढायचं तिथे. गुडघ्याएवढा कडक ढीग. दुसऱ्या दिवशी तो वितळून पुन्हा गोठतो आणि काचेसारखा होतो. मुलीचे बूट पुण्यात घेऊ नका. इथे येऊन घ्या, जाड मोजा घालून मापून, गुडघ्याच्या जवळ येतील असे.

डाउनटाउनमधल्या स्कायवेचं कौतुक ऐकलं असेल, सुमारे ऐंशी ब्लॉक जोडणारे दुसऱ्या मजल्यावरचे काचेचे पूल. ऑफिसच्या वेळेत उत्तम. संध्याकाळनंतर दारं बंद होऊ लागतात आणि तुम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकून जिना शोधत बसता. वर्षभराने गाडी घेतलीत तर बर्फाच्या आणीबाणीचे (जोरदार बर्फानंतर शहर जाहीर करतं ती) नियम पाठ करा: पहिल्या रात्री नऊ ते सकाळी आठ मुख्य रस्त्यांवर गाडी लावायची नाही, दुसऱ्या दिवशी आठ ते आठ बाकीच्या रस्त्यांवर सम क्रमांकाच्या बाजूला नाही, तिसऱ्या दिवशी विषम. चुकलात की गाडी उचलून नेतात.

गाडी घेणार नसलात तरी परवाना काढून ठेवा, ओळखपत्र म्हणून तो रोज लागतो. पेन्सिल्व्हेनियात, म्हणजे पिट्सबर्गच्या राज्यात, शिकाऊ परवान्यासाठी डॉक्टरची सही असलेला तपासणीचा फॉर्म लागतो. नव्या माणसाला डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे जातात, म्हणून उतरल्याबरोबर ती मागा. लेखी परीक्षेत १८ पैकी १५ उत्तरं बरोबर हवीत, आणि प्रत्यक्ष चाचणीत २४ फूट लांब, ८ फूट रुंद जागेत समांतर गाडी लावून दाखवायची. मिनिॲपोलिसच्या राज्यात, मिनेसोटात, ४० पैकी ३२. एच-४ वर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) येणाऱ्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नसेल, तर परवान्यासाठी ‘पात्र नाही’ असं पत्र सोशल सिक्युरिटीच्याच कार्यालयातून आणावं लागतं. नाही म्हणण्यासाठीही रांग!

शाळेचं नीट वाचा. पहिला घोळ तारखांचा. आपल्या लसीकरण कार्डावर ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट, शाळेची नर्स वाचते आठ मे. सगळ्या तारखा महिना अक्षरांत लिहून, डॉक्टरच्या सही-शिक्क्यासह नव्याने टाइप करून आणा. दुसरा घोळ गोवराचा. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. इथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस मोजत नाहीत. सरकारी दवाखान्यातली लस असेल तर तीत गालगुंडाचा भाग नसतो आणि कांजिण्यांची लस यादीतच नसते. पुण्यातच बालरोगतज्ज्ञांकडून एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेला) आणि कांजिण्यांचे राहिलेले डोस, मधलं अंतर राखून, घेऊन टाका. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार लागतो, हॉटेलची पावती चालत नाही.

प्रवेशाच्या कागदांत एक रकाना असतो: घरी कुठली भाषा बोलता? तिथे ‘मराठी’ लिहिलंत की मुलीची इंग्रजीची चाचणी घेतात. दोन्ही राज्यांत एकाच पद्धतीची. पास झाली तर विषय संपला, नाही झाली तर इंग्रजीची जादा मदत सुचवतात आणि ती नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. एवढंच असतं. तरी अनेक मराठी घरांत, मूल मागे पडेल या धास्तीने, तिथे ‘इंग्रजी’ लिहितात. आम्हीही लिहिलं होतं. त्याने काही वाचलं नाही. पुढे घरात कुठली भाषा उरली, ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही ‘मराठी’ लिहा.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, जातो, त्यावर लेख नको. एकच व्यवहाराची गोष्ट बघा: दोन्हीकडे आपली माणसं उपनगरांत राहतात. पिट्सबर्गचं व्यंकटेश्वर मंदिर पेन हिल्समध्ये, मिनिॲपोलिसचं हिंदू मंदिर मेपल ग्रोव्हमध्ये, आणि दोन्ही ठिकाणं गाडीवाल्यांची. मेपल ग्रोव्हच्या जलद बस तर सकाळी शहरात आणणाऱ्या आणि संध्याकाळी परत नेणाऱ्या, ऑफिसच्या दिवसांपुरत्या. गणपतीच्या कार्यक्रमाला कुणाच्या तरी गाडीत जागा मागावी लागेल. निःसंकोच मागा. पेट्रोलचे पैसे विचारा, नको म्हणतील, पुढच्या वेळी डबा न्या.

पगाराचा हिशोब करताना पिट्सबर्ग शहराच्या हद्दीत राज्याचा ३.०७ टक्के आणि वर स्थानिक ३ टक्के कर धरा. मिनेसोटात दर ५.३५ पासून ९.८५ पर्यंत चढत जातो.

कौल विचाराल तर: फोर्ब्स-मरे चौकाच्या अलीकडे परवडणारं घर मिळत असेल तर पिट्सबर्ग. तिथले भाडेकरार बहुतेक ऑगस्टमध्ये पालटतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चपासूनच शोधायला लागा. तसं घर मिळालं नाही तर मिनिॲपोलिस, डी किंवा बी लाइनच्या थांब्यापासून पाच मिनिटांच्या आत. करारावर सही करण्याआधी त्या थांब्याचं रविवारचं वेळापत्रक उघडा आणि संध्याकाळी सातनंतरच्या बस मोजा.