सुपीरियर सरोवराकाठी पहिल्यांदा अकीक शोधताना

अकीक (अगेट) शोधायला अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या डुलुथ शहराहून सरोवराकाठचा हायवे ६१ धरताय ना? मग पहिल्या फेरीला एवढंच पुरे. ऊन तिरपं असताना सूर्याकडे तोंड करून, पाण्यालगतच्या ओल्या गोट्यांमधून सावकाश चाला. अकीकातून उजेड झिरपतो, तो मधासारखा चमकतो. नवखे लोक दिसेल तो लाल दगड पिशवीत टाकतात. त्यातले बरेच जास्पर किंवा रायोलाइट, म्हणजे उजेड आरपार न जाणारे दगड निघतात. उन्हात धरा, कडा उजळली नाही तर सोडून द्या. आकाराचा हट्ट नको.

- गूजबेरी फॉल्ससारख्या स्टेट पार्कांत दगड उचलायला बंदी आहे.
- लाटांकडे पाठ करू नका; पाणी उन्हाळ्यातही गारठवतं.

पॉलिशच्या यंत्राची खरेदी मात्र आत्ताच नको.